घर एक, बालपणे दोन

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि शिकवणी वर्गांनी काय करायला हवे, याची पंधरा कलमी नियमावली सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी घालून दिली. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात हा निकाल आला. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करून घ्यावी, शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत आणि पालकांसाठीही जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, असे त्यात म्हटले आहे.

वर्धा जिल्ह्यात या निकालाचा अर्थ लावताना पहिली अडचण लगेच दिसते. जिल्हा परिषदेच्या अनेक गावशाळांचा पट शंभरच्या आत आहे. तिथे समुपदेशक येणार नाही, जोडणीच करावी लागेल. दुसरी अडचण मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नियमावली प्रत्येक विद्यार्थ्याकडे सुटा विद्यार्थी म्हणून पाहते. मूल मात्र घरातून येते आणि त्या घरात बहुधा आणखी एक मूल असते. एकाला त्रास होतो, दुसरे ठणठणीत दिसते. मग आईबाप तेच वाक्य बोलतात, जे बालरोगतज्ज्ञांपासून अंगणवाडी सेविकेपर्यंत सगळ्यांनी ऐकलेले असते : ‘दोघांनाही सारखंच वाढवलं, मग हाच असा कसा?’

या प्रश्नामागे एक गृहीतक दडलेले आहे. एका घरात वाढलेल्या मुलांचे बालपण एकच असते, हे ते गृहीतक. गेल्या चार दशकांतील संशोधन सांगते, की ते बहुतांशी चुकीचे आहे.

सारखे घर, वेगळा अनुभव

सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुकीय भिन्नता सामाईक असते. आईबाप तेच, घर तेच, जेवण तेच. तरीही स्वभावात आणि मानसिक आरोग्यात भावंडे एकमेकांपासून बरीच वेगळी निघतात. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स या संशोधकांनी १९८७ मध्ये हाच प्रश्न थेट विचारला : एका कुटुंबातली मुले एकमेकांपेक्षा इतकी वेगळी का? जुळ्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांचा धांडोळा घेऊन त्यांनी सांगितले, की वातावरणाचा जो परिणाम होतो त्यातला मोठा भाग भावंडांना सारखे करणारा नसून वेगळे करणारा असतो. घरातल्या सामाईक गोष्टींपेक्षा प्रत्येकाच्या वाट्याला स्वतंत्रपणे आलेल्या गोष्टी जास्त बोलतात. शिक्षक, मित्र, आजारपण, अपघात आणि आईबापांची वागणूक या त्या गोष्टी.

याचा अर्थ घराला महत्त्व नाही, असा काढणे घाईचे ठरेल. अलेक्झांड्रा बर्ट यांनी २००९ मध्ये मुलांच्या मानसिक समस्यांवरील जुळ्यांच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. नैराश्य, चिंता, वर्तनाच्या तक्रारी अशा बहुतेक समस्यांमध्ये घराच्या सामाईक वातावरणाचा वाटा १० ते १९ टक्के निघाला. अतिचंचलतेच्या विकारात मात्र तो दिसला नाही. म्हणजे घरातले सततचे भांडण, दारू किंवा कर्जाचा ताण सगळ्याच मुलांना थोडाफार भिडतो. पण तो प्रत्येकाला सारखाच भिडत नाही.

वर्ध्याच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एकाच वावरात कपाशी आणि तूर असते. परतीचा पाऊस दोन्ही पिकांवर सारखाच पडतो. फुटलेल्या बोंडांतला कापूस भिजून त्याची प्रत जाते आणि फुलोऱ्याला यायच्या तुरीला तोच ओलावा पुढे कामी येतो. पाऊस एकच. पीक कोणते आणि ते कोणत्या अवस्थेत आहे, यावर नफा-नुकसान ठरते. मुलांबाबत ही अवस्था म्हणजे वय.

कोणत्या वयात काय घडले

वर्धा हा पश्चिम विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या सहा जिल्ह्यांपैकी एक. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी वर्धा जिल्ह्यातल्या वायफड गावाला भेट दिली आणि या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. चर्चा कर्जाची, सिंचनाची, कापसाच्या भावाची झाली आणि ती आवश्यकच होती. मागे राहिलेल्या मुलांबद्दल बोलणे मात्र ‘शिक्षणाची सोय’ या दोन शब्दांवर थांबले.

अशा घरातल्या दोन मुलांचा विचार करून पाहावा. मोठी मुलगी पंधरा वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. वडील गेले तेव्हा धाकट्याला काय झाले ते पुरते कळलेही नाही. त्याला पुढे वडिलांची आठवण म्हणून एक फोटो आणि लोकांच्या गोष्टी मिळतील. मुलीने मात्र आधीचे सगळे महिने पाहिलेले असतात. सावकाराचे फोन, आईचे रडणे, बापाचे गप्प होत जाणे. नंतर घरातली दुसरी मोठी बाई तीच होते. स्वयंपाक, भावाची शाळा, बँकेचे कागद हे सगळे तिच्या अंगावर येते. एकाच्या वाट्याला पोकळी येते आणि दुसरीच्या वाट्याला ओझे. या दोघांना ‘शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंबातील पाल्य’ या एकाच रकान्यात बसवले जाते.

वयाचा हा फरक भावनिक कल्पना नाही. पाच लाखांहून अधिक स्वीडिश मुलांच्या नोंदींवर आधारित अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी अठरा वर्षांच्या आत आई किंवा वडील आत्महत्येमुळे गमावले, त्यांच्यात पुढे आत्महत्येचे प्रमाण आईवडील हयात असलेल्यांच्या तिप्पट आढळले. अठरा वर्षांनंतर हा आघात झालेल्यांमध्ये असा फरक दिसला नाही. मूळ धोका अल्प असतो, त्यामुळे तिप्पट होऊनही बहुसंख्य मुले सावरतात, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. पण घरातल्या कोणत्या मुलाकडे अधिक काळ लक्ष ठेवायचे, हे वयावरून ठरवावे लागते, एवढे या आकड्यांतून कळते.

सरकारी योजनांची वयोमर्यादाही भावंडांना वेगळे करते. एकल पालकांच्या मुलांना मिळणाऱ्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपये मिळतात, पण अठरा वर्षांपर्यंत. एकाच घरात धाकट्याला मदत सुरू राहते आणि बारावी होऊन पुढच्या शिक्षणाच्या उंबरठ्यावर असलेल्या थोरलीची बंद होते. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. त्या मुलीच्या मनात त्याचा अर्थ काय होतो, हे कोणी विचारत नाही.

करोनाकाळातही असेच झाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि अनेक घरांत एकच स्मार्टफोन होता. तो बहुधा दहावी-बारावीच्या मुलाकडे गेला. निर्णय व्यवहाराचा होता. पण त्या वर्षी पहिलीत गेलेल्या धाकट्याची अक्षरओळखीची वर्षे त्या फोनच्या पलीकडे राहिली. ते मूल आता सहावी-सातवीत आहे. त्याला ‘अभ्यासात कच्चा’ म्हणताना घरात कोणालाही त्या फोनची आठवण होत नाही.

पाच मिनिटांचे बोलणे

इथे एक रास्त शंका निघते. मूलच मुळात हट्टी किंवा उदास असेल, म्हणून आईबाप त्याच्याशी कडक वागत असतील. मग वागणुकीमुळे त्रास झाला, की त्रासामुळे वागणूक बदलली? अमेरिकेत ७२० कुटुंबांच्या एका मोठ्या अभ्यासात पालकांचा राग ज्या भावंडावर जास्त, त्याच्यात समस्या जास्त, असे दिसले. पण त्या संबंधाचा बराचसा भाग जनुकीय फरकांशी जोडलेला निघाला. शिवाय २००० मध्ये एरिक टर्कहायमर आणि मेरी वॉल्ड्रन यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रत्यक्ष मोजता आलेल्या फरकांनी भावंडांमधल्या तफावतीचा अगदी थोडा भाग उलगडतो, असे आढळले. आयुष्यातल्या अनेक लहानसहान योगायोगांचा हिशेब कोणत्याच प्रश्नावलीत बसत नाही.

या शंकेला सर्वांत चांगले उत्तर एकरूप जुळ्यांनी दिले. त्यांची जनुके सारखीच असतात, त्यामुळे ‘स्वभावच वेगळा’ ही पळवाट उरत नाही. इंग्लंड आणि वेल्समधील एकरूप जुळ्यांच्या ५६५ जोड्यांचा अभ्यास अवशालोम कास्पी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. मुले पाच वर्षांची असताना आईला प्रत्येक मुलाबद्दल पाच मिनिटे मोकळेपणी बोलायला सांगितले. त्या बोलण्यातली माया आणि नाराजी प्रशिक्षित व्यक्तींनी मोजली. जोडीतल्या ज्या मुलाबद्दल आई जास्त नाराजीने आणि कमी मायेने बोलली, त्या मुलाच्या वागण्यात पुढे शिक्षकांना अधिक आक्रमकपणा आणि बेशिस्त दिसली. मूल आधी किती त्रास देत होते, हे हिशेबात धरूनही हा फरक टिकला.

या अभ्यासात आईला दोषी ठरवण्यासारखे काही नाही. थकलेली, एकटी पडलेली, स्वतः नैराश्यात असलेली आई नाराजीने बोलेल, हे उघड आहे. बापांचे आणि आजी-आजोबांचे बोलणे त्यात मोजलेलेच नव्हते. धडा निराळा आहे. मुलाबद्दल घरात जे सहज बोलले जाते, तेच त्याचे वातावरण असते. ‘मोठी समजदार, धाकटा उनाड’ हे पाहुण्यांसमोर चहा पिता पिता बोललेले वाक्य मुले रोज ऐकतात आणि हळूहळू तसे वागायला लागतात.

दोनच मुले असण्याचा पेच

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आहे. बहुतेक घरांत एक किंवा दोन मुले. पूर्वी सहा-सात भावंडांत तुलना विखुरली जायची. आता ती आमनेसामने होते. एक हुशार ठरला, की उरलेला आपोआप ‘साधा’ होतो. एक बोलका, तर दुसरा घुमा. दोघांतल्या छोट्या फरकालाही मोठे नाव मिळते.

विदर्भात या तुलनेला एक ठळक खूण आहे. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि मुलगा कॉन्व्हेंटमध्ये. एकाला गणवेश, टाय आणि दारात येणारी व्हॅन. दुसरीची शाळा पायी गाठायची. पैसे एकाच्याच फीपुरते असतात आणि म्हातारपणी मुलगा सांभाळेल हा हिशेबही असतो. भारतीय घरांतली ही वाटणी शरीरावरही उमटते. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ मध्ये दाखवले, की भारतातली मुले आफ्रिकेतल्या मुलांपेक्षा ठेंगणी असण्याची तूट पहिल्या अपत्यात नसून दुसऱ्यापासून सुरू होते आणि पुढे वाढते. थोरल्या मुलाला मिळणारे झुकते माप हे त्यांनी यामागचे महत्त्वाचे कारण मानले. उंची मोजता येते म्हणून ती आकडेवारीत आली. मनाची वाढ मोजपट्टीने मोजता येत नाही.

मग दोघांना सगळे सारखे दिले, की प्रश्न सुटेल का? तसेही नाही. चार वर्षांच्या आणि चौदा वर्षांच्या मुलाशी सारखे वागणे शक्य नसते आणि योग्यही नसते. अमंडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी १९९७ मध्ये अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना आईबाप कुठे फरक करतात, ते विचारले. फरक केला जातो असे सांगितलेल्या प्रसंगांपैकी सुमारे तीन चतुर्थांश प्रसंगांत मुलांना तो अन्याय वाटला नव्हता. ‘तो लहान आहे’, ‘तिला दम्याचा त्रास आहे’, ‘त्याची परीक्षा आहे’ ही कारणे त्यांना कळत होती. जिथे कारण कळले नाही किंवा पटले नाही, तिथे मन खट्टू झाले. म्हणजे फरक करण्याइतकेच त्याचे कारण सांगणेही महत्त्वाचे ठरते. आणि मुलगी म्हणून केलेल्या फरकाचे पटेल असे कारण देताच येत नाही, हेही यात आलेच.

भावंडांच्या आपसातल्या नात्याचेही वजन आहे. कर्स्टन बाइस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ३४ अभ्यासांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांची माहिती एकत्र केली. भावंडांत जिव्हाळा जास्त, भांडण कमी आणि पालकांचा भेदभाव कमी असेल, तिथे मुलांमधले नैराश्य, चिंता आणि आक्रमकपणा कमी आढळला. त्यातही जिव्हाळ्याच्या उपकारापेक्षा सततच्या भांडणाचा अपकार मोठा होता. ‘भावाबहिणींची भांडणं चालायचीच’ हे खरे असले, तरी रोजची मारहाण आणि अपमान त्यात मोडत नाहीत.

शहाण्या मुलाची अडचण

तुलनेचा तोटा फक्त मागे पडलेल्याला होतो, असे नाही. ‘आमची मोठी कधीच त्रास देत नाही’ हे कौतुक ऐकत वाढलेल्या मुलीला त्रास सांगण्याची सोयच उरत नाही. एका भावंडाला मतिमंदत्व, फिट्स किंवा सिकलसेलसारखा आजार असेल, तर निरोगी भावंडाच्या बाबतीत हे हमखास घडते. घरातला वेळ, पैसा आणि काळजी दवाखान्याच्या फेऱ्यांत संपते. निरोगी मुलाला कळते, की आपण काही मागू नये. त्याची झोप उडते, पोट दुखते, शाळेत लक्ष लागत नाही. पण घरात कोणी आजारी असण्याची जागा आधीच भरलेली असते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले. त्या पाहणीतल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी चाळीस मुलांच्या वर्गात अशी दोन-तीन मुले असू शकतात, एवढा अंदाज त्यावरून बांधता येतो. त्यांतली गोंधळ घालणारी शिक्षकांना दिसतात. गप्प राहणारी दिसत नाहीत.

वर्ध्यात काय जमेल

वर्धा जिल्ह्याजवळ यासाठी लागणारे बरेच काही आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, अशा दोन वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. सेवाग्रामच्या संस्थेने आंजीसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या गावांत ‘किशोरी पंचायत’ उभ्या केल्या होत्या. गावातल्या मुलींनी एकत्र येऊन आपल्या आरोग्याविषयी बोलण्याची ती जागा होती. शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठी राज्याने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन ताणाखालची माणसे हुडकतात. आष्टी किंवा कारंजाच्या गावातून सेवाग्रामला यायचे तर मजुरीचा दिवस बुडतो, हे खरे. म्हणून पहिली ओळख गावातच पटली पाहिजे.

त्यासाठी नवी योजना लागत नाही, प्रश्न बदलावा लागतो. आशाताई घरी गेल्यावर ‘मुले कशी आहेत?’ असे विचारतात आणि ‘चांगली आहेत’ हे उत्तर मिळते. त्याऐवजी प्रत्येक मुलाचे नाव घेऊन विचारले, तर उत्तर बदलते. झोप, जेवण, शाळा, मित्र हे चार मुद्दे एकेका मुलाबाबत स्वतंत्र विचारायला पाच मिनिटे पुरतात. शिक्षकांनी एका मुलाच्या तक्रारीसाठी पालकांना बोलावले, तर त्याच्या भावाची किंवा बहिणीची चौकशीही करावी. न्यायालयाने सांगितलेल्या शिक्षक प्रशिक्षणात ‘तुझी बहीण बघ कशी होती’ हे वाक्य वर्गातून हद्दपार करण्याचा विषय असायला हवा. एकाच गावशाळेत पाठोपाठ शिकलेल्या भावंडांना ते सर्वांत जास्त ऐकावे लागते.

ज्या मातीत १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार आला, तिथे आणखी एक गोष्ट आठवण्याजोगी आहे. सूत, शेती, स्वयंपाक, सफाई यांना तिथे पुस्तकाइतकाच मान होता. शिडी एकच असेल, तर दोन भावंडांपैकी एक खालीच राहणार. शाळेत आणि घरात मान मिळवण्याच्या वाटा जितक्या जास्त, तितकी तुलनेची धार कमी होण्याची शक्यता अधिक.

घरासाठीचे सांगणे साधे आहे. रोज प्रत्येक मुलाबरोबर थोडा वेळ एकट्याने घालवावा, मग तो वावरात जाताना असो की भाजी निवडताना. फरक करावा लागला, तर कारण सांगावे. पाहुण्यांसमोर मुलांना नावे ठेवू नयेत आणि एकाचे कौतुक दुसऱ्याच्या तोंडावर मारू नये. थोरल्या मुलीवर आईपण टाकले असेल, तर आठवड्यातले काही तास तरी तिला तिचे वय परत द्यावे. आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल गप्प, चिडचिडे किंवा निजेविना राहिले, शाळा टाळू लागले किंवा मरणाची भाषा बोलू लागले, तर ‘दुसरं तर चांगलं आहे’ यात समाधान न मानता डॉक्टर गाठावा. मरणाची भाषा कानावर आली, तर दोन आठवडेही थांबू नये. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. संकटातल्या मुलांसाठी १०९८ आहे.

एका मुलाचे ठणठणीत असणे हा दुसऱ्याच्या ठणठणीत असण्याचा पुरावा नसतो. दोघांना एकच छप्पर मिळाले असले, तरी पाऊस प्रत्येकावर वेगळ्या वेळी पडलेला असतो. त्यामुळे विचारपूसही प्रत्येकाची वेगळी व्हायला हवी.